कोण आलं नाही, ते बघ

नवेगावबांध, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
8 मे 2021



आपल्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी तुझ्या पायाला हात लावत आलोय, म्हणून वडीलकीच्या दोन गोष्टी तुला ऐकवणं मला कधी जमलं नाही. पण गुरुवारी रात्री फोनवर बोलता बोलता तू मध्येच गप्प झालास आणि मागून बाईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, खोकल्याचा आवाज आला. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. टपालाला चार दिवस लागतील म्हणून हे पत्र उद्या पहाटे तुझ्या आमगावकडे निघणाऱ्या भाजीच्या गाडीसोबत देतोय. सगळं एकदा वाच आणि शेवटचं पान दोनदा वाच.

तुझ्या किराणा दुकानाशेजारचा कापडवाला कोरोनानं चार दिवसांत गेला, म्हणून तू हादरला आहेस. "मामाजी, उधारी बंद करतो आणि महिनाभर शटर ओढून घरात बसतो, दोन लेकरं आहेत माझी," असं म्हणालास. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या गावात गेल्या महिन्याभरात मी जितक्या मयती ऐकल्या, तितक्या एरवी दोन-तीन वर्षांत ऐकत नाही. मयतीला वीस माणसांची मर्यादा आहे आणि कितीतरी मयतींना वीससुद्धा जमली नाहीत. तरीही माझं उत्तर आधी सांगून टाकतो. उधारी बंद करू नकोस. भीतीपोटी शटर ओढू नकोस. शटर ओढायला एकच कारण पुरेसं आहे, आणि ते कारण असेल तर त्याच तासाला ओढ. ते कारण पुढे लिहितो.

उधारीचं आधी. तुझी वही मी पाहिली आहे, दिवाळीला आलो तेव्हा. नावं आहेत, आकडे आहेत, पण माणूस पैसा कधी पाहतो ते त्यात नाही. आपल्याकडे पैसा पगारासारखा एक तारखेला येत नाही, झाडासारखा हंगामात येतो. चैत्रात मोह पडतो, पहाटे उठून बाया टोपल्या भरतात, वाळवतात, विकतात. मग वैशाखात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, खरेदीच्या फळीवर नेऊन मोजून द्यायचा, आणि पंधरवड्याच्या त्या कमाईवर पावसाळ्यापर्यंत घर चालवायचं. मग रोवणी. मग दिवाळीच्या सुमारास हलका धान. मधल्या काळात रोजगार हमीचं काम निघालं तर यंदा दिवसाला 248 रुपये. ज्यांनी आधारभूत केंद्रावर धान दिलं त्यांना हमीभाव 1868 रुपये क्विंटल आणि त्यावर राज्याचा 700 रुपये बोनस ठरला, पण तो बोनस अजून कितीतरी जणांच्या खात्यात पडायचा आहे. आता वही घे आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं लिही: तेंदू, रोवणी, धान, बोनस. मग तुला दिसेल की ज्यांना तू बुडवे म्हणतोस, त्यांतले निम्मे बुडवे नाहीत. त्यांचा हंगाम यायचा आहे.

काही जणांचा हंगाम यंदा येणारच नाही. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान कर. तुझ्या गल्लीतला तो पेटीवाला, जो झाडीपट्टीच्या नाटकात वाजवतो, त्याचा अख्खा हंगाम गेल्या दिवाळीपासून बुडाला. वडशाच्या मंडळ्यांचे पडदे गुंडाळलेलेच राहिले, आणि त्या पडद्यांमागे सुतार, रंगारी, स्वयंपाकी, गाडीवाले अशी किती घरं होती ते आपण कधी मोजलं नव्हतं. बहुतेक पॅसेंजर गाड्या गेल्या वर्षीच्या मार्चपासून बंद, म्हणून डब्यात चणे-फुटाणे विकणारा घरी बसला. सलून बंद. मंडपवाला बंद, कारण लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचं, नाहीतर पन्नास हजार दंड. या लोकांना तू विचारशील, कधी देता? त्यांच्याकडे उत्तर नाही. पण त्यांना लागतं किती, याचा हिशेब तू केला आहेस का? मी केला. रेशनवर मे आणि जून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळणार आहे. म्हणजे तांदूळ त्यांच्या घरात आहे. नाही ते तेल, मीठ, तिखट, डाळ, साबण. सोयाबीनचं तेल गेल्या वर्षी शंभराच्या आसपास होतं, आता दीडशेच्या वर गेलंय, त्यामुळे अर्धा किलो तेल घेणारी बाई आता दहा रुपयांचं तेल मागते आणि मागताना इकडेतिकडे बघते. महिन्याला तीन-चारशे रुपयांच्या उधारीवर एक घर तग धरतं. अशी दहा-बारा घरं तुझ्याकडे असतील. महिन्याला तीन ते पाच हजारांची जोखीम आहे. तुझ्या दुकानाला ती पेलते, हे मला माहीत आहे आणि तुलाही.

दहा रुपयांच्या तेलाच्या पुड्या आदल्या संध्याकाळीच बांधून ठेव. बाईनं मागितलं की चार लोकांसमोर माप काढत बसायचं नाही, सरळ पुडी पुढे करायची. तेवढ्यानं तिची मान खाली जायची वाचते.

आता गर्दीचं. सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ दिल्यामुळे दिवसभराची माणसं चार तासांत कोंबली गेली आहेत. ही गर्दी कमी करणं तुझ्या हातात आहे. संध्याकाळी फोनवर याद्या घे, रात्री सामान बांध, सकाळी नावानं पिशवी उचलून देता येईल. दारात आडवा बांबू लाव, पण मागची सांदवाडीकडची खिडकी आणि दार सताड उघडं ठेव. गेल्या वर्षी गल्लोगल्ली फवारणी झाली, नोटा इस्त्रीनं शेकल्या गेल्या, भाज्या सोड्यात बुडवल्या गेल्या. मीही बुडवल्या. आता एवढं कळलंय की हा रोग मुख्यतः श्वासातून आणि बंद हवेतून जातो. फिनेलच्या वासानं दुकान सुरक्षित होत नाही, वारा खेळला तर होतं. दुपट्टा नाकावरून खाली घसरतो, म्हणून खाली मास्क बांध आणि वरून दुपट्टा घे. फोनवर बोलताना तू मास्क हनुवटीवर ओढतोस, हे मी स्वतः पाहिलंय. नेमकं बोलतानाच तो नाकावर पाहिजे.

आणि मुलांबद्दल एक सांगतो, मास्तर आहे म्हणून राहवत नाही. मोठीची दहावीची परीक्षा रद्द झाली, तिचं वाईट वाटतंय तुला. तिचं होईल नीट. मला काळजी धाकट्याची आणि त्याच्या वयाच्या पोरांची आहे. गेल्या जूनमध्ये जे पोर पहिलीत दाखल झालं, ते एक दिवस वर्गात न बसता दुसरीत चाललंय. टीव्हीवर 'टिलीमिली' लागायचं, काही घरांत पाहिलं गेलं. पण टोलीतल्या ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापासोबत कामावर जातो, तिथं अक्षर पोचलंच नाही. अशी पोरं सामान घ्यायला तुझ्या दुकानात येतात. एकटं पोर असेल, मागे गर्दी नसेल, तर त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दे आणि नाव वाचायला लाव. किती झाले ते त्याच्याकडून काढून घे. मीठ वीसचं, साबण दहाचा, पन्नासाची नोट दिली, परत किती? चुकलं तर रागावू नकोस, पुन्हा विचार. तुझं एक मिनिट जाईल. त्या पोराचा वर्षभरातला तोच एक गणिताचा तास असेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मी बाईलाही सांगितलेली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्या मामीला ताप आला. मोहफुलांचे दिवस होते, ती पहाटे चारला उठून शेजारच्या वहिनीबरोबर झाडाखाली जात होती. ऊन रणरणत होतं. आम्ही म्हटलं, ऊन लागलं. कांदा दिला, कैरीचं पन्हं दिलं, पायाला काशाची वाटी घासली. दुसऱ्या दिवशी अंग दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशी आमसुलाच्या सारालाही चव लागेना. तेव्हा मला कळलं होतं. खरं सांगतो, मला कळलं होतं. पण मी बोललो नाही. गावात नाव होईल, दारावर कागद चिकटेल, लोक आपल्या बोडीवर यायचे थांबतील, तिला कोविड केंद्रात नेतील आणि परत आणणार नाहीत, हे सगळं डोक्यात होतं. ज्या गुरुजीनं गावाला हात धुवायला शिकवलं, त्याच्याच घरी आलं, असं लोक म्हणतील, हेही होतं. शेजारची वहिनी रोज येत होती. अंगणात दोघी चटईवर मोह पसरवत बसायच्या, डोक्याला डोकं लावून. चार दिवस. मी ओट्यावर बसून पाहत होतो.

पाचव्या दिवशी गावच्या आशा सेविका, आशाताई, आल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या फक्त दारातून म्हणाल्या, "गुरुजी, चार दिवस झाले, काकू नळावर दिसल्या नाहीत." त्यांनी मामीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, 92 आलं. मामी वाचली. दहा दिवस ऑक्सिजनचा पलंग लाभला आणि वाचली. पण तोवर वहिनीला ताप भरला होता, आणि त्या अकरा दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या आहेत, पण बारा पावलं चालल्या की भिंत धरतात. पाण्याची घागर उचलत नाहीत. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी माझी चटई वेगळी टाकली असती."

मी जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. त्या चार दिवसांत मी जे केलं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. रोगानं जे नेलं ते नेलंच, पण लपवण्यानं जे गेलं ते माझ्या हातून गेलं.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, 1918च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, तेरा वर्षांची होती. मुंबईच्या बंदरात त्या जूनमध्ये उतरलेला तो ताप रेल्वेनं देशभर पसरला, आणि गोंदिया तर तेव्हाही जंक्शन होतं. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मध्य प्रांत, ज्यात तेव्हा आपला सारा भंडारा जिल्हा होता, तो सगळ्यांत होरपळलेल्या भागांपैकी एक. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असं दशक विसाव्या शतकापासूनच्या आपल्या जनगणनांत दुसरं नाही. आजी हे आकडे सांगत नसे, तिला ते माहीत नव्हते. ती एवढंच सांगायची की तिची आई रोज सकाळी अंगणात उभी राहून गावभर नजर फिरवायची, कोणाच्या कौलांतून धूर निघत नाही ते बघायला. ज्या घरातून धूर निघाला नाही, त्या घराच्या उंबऱ्यावर पेजेचं मडकं ठेवून यायची, हाक मारायची आणि दूर उभी राहायची. आतून कोणी मडकं ओढून घेतलं की पुढच्या घरी. कोणी ओढलं नाही, की मग माणसं बोलवायची.

आता घरोघरी सिलिंडर आहे, धूर दिसत नाही. पण तुझी वही आहे ना. आमगावच्या त्या गल्लीत कोण रोज दूध नेतं, कोण आठवड्यानं तेल नेतं, कोणाचं पोर रोज चॉकलेटला येतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. ग्रामपंचायतीला नाही, नगर परिषदेला नाही, डॉक्टरला नाही. कोण रोज येत होतं आणि दोन दिवस आलं नाही? ज्या बाईनं कधी आलं मागितलं नाही, तिनं अचानक आलं, लवंग, हळद आणि तापाच्या गोळ्यांचं पाकीट कशाला नेलं? कोणी एकदम महिन्याचं सामान भरून नेलं आणि पैसे देताना डोळ्याला डोळा दिला नाही? हे सगळं तुझ्या काउंटरवरून दिसतं. शटर ओढलंस तर गल्लीचा तो डोळा मिटतो. म्हणून मी बंद करू नको म्हणतोय.

काय करायचं, ते सांगतो. दुकान उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, न आलेल्या घरी फोन. "कसे आहात, सामान पाठवू का?" एवढंच. आजार विचारायचा नाही, सामान विचारायचं. माणूस आपोआप सांगतो. ताप आहे म्हणाला तर त्या दिवशीच तुमच्या गल्लीच्या आशाताईंना कळव, आणि त्या घराला सांग की मी कळवतोय. चोरून कळवलंस तर गल्ली तुला चुगलखोर म्हणेल आणि पुढचा कोणी सांगणार नाही. त्या घराचं सामान ओट्यावर ठेवून हाक मारायची आणि दूर उभं राहायचं. पैसे नंतर. एक ऑक्सिमीटर घे, दुकानातल्या गल्ल्यातून घे, तो गल्लीत फिरू दे; प्रत्येक वेळी पुसून. बोट स्वच्छ, नखाला रंग नको, हात गरम हवा. 94च्या खाली आकडा आला तर थांबायचं नाही. बसून ठीक असला तरी सहा मिनिटं घरातल्या घरात चालायला लावायचं आणि पुन्हा बघायचं, चालल्यावर तीन-चारनं उतरला तर दवाखाना. गाडी मिळेपर्यंत पालथं झोपवायचं, छातीखाली उशी. एवढं सगळ्यांना पाठ होऊ दे.

आणि काय करायचं नाही, तेही. रेमडेसिविरसाठी कोणाला दागिना विकू देऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं गेल्या नोव्हेंबरमध्येच सांगितलंय की त्यानं जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि इथे माणसं त्या एका कुपीसाठी नागपूरपर्यंत रात्री-अपरात्री फिरत आहेत. शेजाऱ्याची चिठ्ठी बघून स्टेरॉइडच्या गोळ्या कोणी पहिल्या दिवसापासून खाऊ नयेत, साखरवाल्यांनी तर मुळीच नाही. आता त्यातून काळी बुरशी डोळ्यापर्यंत जाते असं ऐकतोय. डॉक्टरनं सांगितलं तरच, सांगितलं तितकंच.

लशीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुमच्याकडे काय बोललं जातं ते मला माहीत आहे, कारण तेच इथे बोललं जातं. सुई घेतली की माणूस मरतो. मी मार्चमध्ये पहिला डोस घेतला तेव्हा रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरला. त्या संध्याकाळी मी मुद्दाम ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. येणारा-जाणारा थांबायचा, बघायचा, बोलायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. आठवडाभर बसलो. मग टोलीतल्या सहा म्हाताऱ्या माझ्याबरोबर उपकेंद्रात आल्या. भाषणानं एकही आली नसती. तू पंचेचाळीसच्या खाली आहेस, तुझा नंबर लागायला वेळ आहे. नंबर लागला की त्या दिवशी दुकानावर पाटी लाव, मालक लस घ्यायला गेला आहे म्हणून.

कापडवाल्याच्या घरी तू गेला नाहीस म्हणून तुला खातंय, हे तुझ्या आवाजात मला ऐकू आलं. आत्ता गेला नाहीस ते बरोबरच केलंस. तेरवीलाही जाऊ नकोस. पण त्याच्या बायकोला फोन कर, आणि फोनवर "काळजी घ्या" म्हणून ठेवून देऊ नकोस. त्याच्याबद्दल बोल. तो तुला उधारीवर पडद्याचं कापड देत होता, सणाला पहिला आवाज तुला द्यायचा, ते बोल. तिला रडू दे, तू गप्प रहा, फोन धरून बस. मग महिन्यानं सगळे मोकळे झाले की तिच्या घरी जा. तेव्हा बाकी सगळे विसरलेले असतील, आणि तिला तेव्हाच माणूस लागेल. दुकानाचा हिशेब तिला येत नसेल तर त्याच्या वह्या तू तिच्यासोबत बसून लावून दे. लोक विधवेच्या अडाणीपणाचा फायदा घेतात, आपल्या समाजातही घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बंद दाराचं एक आठव. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या गावच्या वेशीवर बांबू आणि बोराट्यांचं कुंपण घातलं होतं, आठवतं? तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आपलीच माणसं, पायांना चिंध्या गुंडाळून, आठ-दहा दिवस चालत आली आणि आपणच त्यांना वेशीबाहेर अडवलं. रात्रभर ती मोहाच्या झाडाखाली होती. सकाळी शाळेची खोली उघडली, चौदा दिवस ती तिथं राहिली, आणि मग घरटी एक पायली तांदूळ जमला. किराणावाल्यानं तेल-मीठ दिलं, ग्रामपंचायतीच्या नावे उधार. ती उधारी त्याची अजून फिटलेली नाही आणि त्यानं एकदाही काढलेली नाही. पण त्या मजुरांतली एक बाई परवा मला म्हणाली, शाळेतलं सगळं विसरले गुरुजी, पहिली रात्र विसरत नाही. दार बंद होतं ती रात्र.

आता शेवटचं पान.

बाईचा खोकला मी फोनवर ऐकला. कोरडा होता, तीनदा आला. मी विचारलं तर तू म्हणालास, फ्रीजचं पाणी प्यायली. मी काही बोललो नाही, कारण मला माझं ऊन आठवलं. बाई अडुसष्टची आहे, साखरेची आहे. आणि तू म्हणालास त्याप्रमाणे ती अजूनही दुपारी काउंटरमागे बसून पुड्या बांधते. तू तिला आतल्या खोलीत वेगळं झोपवलंयस का, लेकरं तिच्या कुशीत जातात का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. आता विचारतो.

हे पत्र हातात पडेल तेव्हा दिवस कोणता आणि वेळ किती ते बघू नकोस. बाईला ग्रामीण रुग्णालयात ने, तपासणी कर. ऑक्सिमीटर आणेपर्यंत शेजाऱ्याचा माग. अहवाल येईपर्यंत दुकान बंद. हेच ते कारण, जे मी वर सांगितलं. निगेटिव्ह आलं तर दुसऱ्या सकाळी सात वाजता उघड. पॉझिटिव्ह आलं तर शटरवर खडूनं, मोठ्या अक्षरात, तुझ्या हातानं लिही: घरात कोरोना आहे, दुकान चौदा दिवस बंद, गेल्या आठवड्यात जे आले त्यांनी तपासून घ्यावं. लाज वाटेल. हात थरथरेल. तरी लिही. गिऱ्हाईक तुटेल असं वाटेल. तुटलं तर मी माझ्या पेन्शनीतून तुला उभं करीन, हा मामाचा शब्द. वहीतल्या त्या दहा-बारा घरांची यादी मला फोनवर सांग, चौदा दिवस त्यांचं तेल-मीठ मी इथून पाठवीन, भाजीची गाडी रोज येते.

बाईला सांग, दादा विचारत होता. आणि तपासून झालं की लगेच फोन कर, रात्री दोन वाजता असला तरी. मी जागाच असेन.

तुझा
मामा